रेमिंग्टन बुडाली, मालक तरले

न्यूयॉर्क राज्यातल्या इलियन या लहानशा गावातला रेमिंग्टनचा बंदूक कारखाना मार्च २०२४ मध्ये कायमचा बंद झाला. कंपनी आपले जन्मसाल १८१६ सांगते आणि इलियनच्या त्या जागेवर १८२८ पासून काम चालू होते. जवळपास दोनशे वर्षे एकाच जागी चाललेला कारखाना बंद पडला, तर त्याची कारणे शांतपणे तपासली जावीत एवढीच अपेक्षा असते. अमेरिकेत झाले उलटेच. बंदुकांच्या बाजूच्या मंडळींनी निकाल देऊन टाकला की न्यूयॉर्कचे जाचक कायदे, युनियन आणि सँडी हूक खटल्यातले वकील यांनी मिळून कंपनीचा गळा घोटला. बंदूकविरोधकांनी तितक्याच घाईने जाहीर केले की कंपनी आपल्या कर्मानेच गेली, समाज अखेर जागा झाला. दोन्ही बाजू साप साप म्हणून भुई धोपटत आहेत. रेमिंग्टन कायद्याने बुडाली नाही, खटल्याने बुडाली नाही आणि समाजाच्या सदसद्विवेकाने तर मुळीच बुडाली नाही. ती कर्जाने बुडाली, आणि त्या कर्जाचा मोठा भाग मालकांनी, म्हणजे सर्बरस या खासगी गुंतवणूक संस्थेने, स्वतःच्या फायद्यासाठी तिच्या डोक्यावर ठेवला होता.

बंदुकांबद्दल मला जराही ममत्व नाही, हे आधीच सांगतो. १४ डिसेंबर २०१२ रोजी कनेटिकटमधल्या न्यूटाउनच्या सँडी हूक प्राथमिक शाळेत सहा-सात वर्षांची २० मुले आणि शाळेतल्या ६ स्त्रिया मारल्या गेल्या. गोळीबारात वापरलेली रायफल बुशमास्टर बनावटीची होती आणि बुशमास्टर रेमिंग्टनच्याच समूहातली. अशा कंपनीसाठी अश्रू ढाळावेत असे मी म्हणत नाही. पण कंपनी का मेली याचे उत्तर चुकले, तर तिच्यामुळे ज्यांचे नुकसान झाले त्यांना न्याय कोणाकडे मागायचा याचेही उत्तर चुकते. ते चुकलेले आहे म्हणून हा लेख.

मराठी वाचकाला रेमिंग्टन हे नाव परके नाही. टायपिंगच्या परीक्षा दिलेल्या आपल्याकडच्या कित्येक पिढ्यांनी ‘रेमिंग्टन’ कळफलकावर बोटे बसवली, आणि संगणक आल्यावरही मराठी टंकलेखनात त्या मांडणीचे नाव टिकून राहिले. त्या नावाचे मूळ याच बंदुकीच्या कारखान्यात आहे. १८७३ मध्ये रेमिंग्टनने शोल्स आणि ग्लिडन यांचे लेखनयंत्र बनवायचा करार केला आणि इंग्रजी कळांची जी मांडणी आज जगभर चालते ती त्याच यंत्राबरोबर रुळली. अमेरिकेतले यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले आणि बंदुकांची मागणी आटली, म्हणून कंपनी शिवणयंत्रे, शेतीची अवजारे, टाइपरायटर अशा वाटा शोधत होती. त्या धडपडीत हातपाय इतके पसरले की १८८६ मध्ये टाइपरायटरचा धंदा विकावा लागला आणि बंदुकांच्या कंपनीचे दिवाळे निघाले. पण इलियनचा कारखाना बंद पडला नाही. १८८८ मध्ये काडतुसांच्या धंद्यातले मार्सेलस हार्टली आणि विंचेस्टर कंपनी यांनी तो घेतला. घेणाऱ्यांना बंदुका बनवायच्याच होत्या, म्हणून बंदुका बनत राहिल्या.

पुढे याहून मोठे तडाखे बसले. पहिल्या महायुद्धात रेमिंग्टनने झारच्या फौजेसाठी रायफली बनवायचे मोठे कंत्राट घेतले, त्यासाठी ब्रिजपोर्टला प्रचंड कारखाना उभारला, आणि १९१७ मध्ये रशियात क्रांती होऊन गिऱ्हाईकच नाहीसे झाले. उरलेल्या रायफली शेवटी अमेरिकन सरकारने घेतल्या तेव्हा कुठे कंपनी सावरली. मग महामंदी आली, आणि १९३३ मध्ये ड्यू पाँ या रसायन कंपनीने रेमिंग्टनचा ताबा घेतला तो साठ वर्षे ठेवला. मागणी कोसळणे, युद्ध संपणे, गिऱ्हाईक बुडणे हे सगळे या कंपनीने पचवले होते. मग २०१७ मधली विक्रीतली घट तिला का पचली नाही?

माझे म्हणणे न पटणाऱ्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा नेमका याच घटीचा आहे, आणि तो खरा आहे. अमेरिकेत बंदुका भीतीपोटी विकल्या जातात. आता कायदे येणार, मग मिळणार नाहीत, या धास्तीने लोक दुकानांत धावतात. ओबामांच्या काळात ही धास्ती शिगेला होती. नोव्हेंबर २०१६ मध्ये ट्रम्प निवडून आले आणि ती एका रात्रीत ओसरली. २०१७ च्या पहिल्या नऊ महिन्यांत रेमिंग्टनची विक्री २७ टक्क्यांनी घटली. पण हा फटका एकट्या रेमिंग्टनला बसलेला नव्हता. स्टर्म-रूगर ही तिची प्रतिस्पर्धी कंपनी. तिची विक्री २०१६ मध्ये ६६.४ कोटी डॉलर होती, ती २०१७ मध्ये ५२.२ कोटींवर आली. पाचातला एक हिस्सा गेला, तरीही त्या वर्षी रूगरला ५ कोटी डॉलरहून अधिक निव्वळ नफा झाला. माल कमी काढला आणि लाट परतण्याची वाट पाहिली. रूगरला हे जमले कारण तिच्या डोक्यावर कर्ज नव्हते. रेमिंग्टनवर ९५ कोटी डॉलरच्या घरात कर्ज होते. मंदीत विक्री थांबते, व्याज थांबत नाही. २५ मार्च २०१८ रोजी रेमिंग्टनने दिवाळखोरीचा अर्ज केला, तो त्या व्याजामुळे.

कायद्याचे आणि खटल्याचे म्हणणे तर नुसत्या तारखा लावून पाहिल्या तरी टिकत नाही. न्यूयॉर्कचा कडक बंदूक कायदा जानेवारी २०१३ मध्ये आला, आणि त्याच वर्षी रेमिंग्टनच्या समूहाची विक्री १२० कोटी डॉलरच्या वर गेली. सँडी हूकच्या कुटुंबांचा दावा २०१४ च्या अखेरीस दाखल झाला. तो चालवता येईल की नाही हे कनेटिकटच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी ठरवले मार्च २०१९ मध्ये. म्हणजे २०१८ ची दिवाळखोरी झाली तेव्हा कंपनीने त्या खटल्यापायी भरपाईचा एक डॉलरही दिलेला नव्हता, आणि खटला चालणार हेही ठरलेले नव्हते.

युनियनवर खापर फोडणाऱ्यांनी तर मालकांचा स्वतःचा व्यवहार पाहावा. २००८ ते २०११ या काळात याच मालकांनी मॅसॅच्युसेट्समधला गार्डनरचा, मेन राज्यातला विंडमचा आणि कनेटिकटमधला नॉर्थ हेवनचा असे कारखाने बंद केले आणि त्यांतले बरेचसे काम कुठे नेले? इलियनला. तिथली युनियन, तिथले कर आणि तिथला पगार तेव्हाही तोच होता.

कायद्यांमुळे कारखाने हलतात, एवढे मात्र मान्य करायला हवे. स्मिथ अँड वेसनने २०२१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधून टेनेसीला मुख्यालय न्यायचे ठरवले ते प्रस्तावित कायद्याकडे बोट दाखवूनच. रेमिंग्टनचे शेवटचे मालकही जॉर्जियाला निघताना हेच म्हणाले. पण हलणे वेगळे आणि बुडणे वेगळे. मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्टफील्डला सॅव्हेज कंपनी आजही रायफली बनवते. कनेटिकटमध्ये वेस्ट हार्टफर्डला कोल्ट आजही चालू आहे, आणि कोल्टची कथा तर रेमिंग्टनच्या कथेची जुळी बहीण शोभावी अशी आहे. वित्तसंस्थांच्या हाती गेलेल्या त्या कंपनीने २००९ मध्ये २५ कोटी डॉलरचे रोखे काढले, २०१३ मध्ये लष्कराचे रायफलींचे कंत्राट हातचे गेले आणि २०१५ मध्ये दिवाळे निघाले. २०२१ मध्ये तिला चेक प्रजासत्ताकातल्या बंदुका बनवणाऱ्या कंपनीने घेतले. राज्य तेच, कायदे तेच, फक्त मालक बदलला.

आता मूळ व्यवहाराकडे येऊ. २००७ मध्ये सर्बरस कॅपिटल मॅनेजमेंट या खासगी गुंतवणूक संस्थेने रेमिंग्टन घेतली. रोख दिले ११.८ कोटी डॉलर आणि कंपनीवर आधीचे सुमारे २५ कोटींचे कर्ज होते ते तसेच पुढे चालू राहिले. बुशमास्टर सर्बरसने आदल्याच वर्षी घेतली होती. मग मार्लिन, डीपीएमएस अशा बंदूक आणि काडतूस कंपन्या एकेक करून घेत सगळ्यांचा मिळून ‘फ्रीडम ग्रुप’ केला. इथपर्यंत धंद्याच्या दृष्टीने वावगे काही नाही. खरा प्रकार पुढचा. २०१० मध्ये या समूहाच्या वरच्या होल्डिंग कंपनीने २२.५ कोटी डॉलरचे रोखे काढले आणि त्यातला मोठा भाग कारखान्यात न जाता मालकांच्या हातातले समभाग परत घेण्यात, म्हणजे मालकांच्या खिशात गेला. दोन वर्षांनी हे महागडे रोखे फेडायला प्रत्यक्ष बंदुका बनवणाऱ्या कंपनीने नवे कर्ज काढले. बँकेतल्या भाषेत याला भांडवलाची पुनर्रचना म्हणतात. समजा, तुमच्या गावातले चालते हॉटेल कोणी विकत घेतले, मग हॉटेलच्याच नावावर कर्ज काढून आपले पैसे मोकळे करून घेतले आणि हप्ते आचाऱ्याने अन् वेटरने भरायचे ठरवले. आयजीच्या जीवावर बायजी उदार, ही म्हण आपल्याकडे उगाच आलेली नाही.

सर्बरसच्या बाजूने बोलणाऱ्यांचा युक्तिवाद मी वाचला आहे, आणि तो अगदीच टाकाऊ नाही. ते म्हणतात, २००७ ची रेमिंग्टन म्हणजे तोट्यातली, आधीच कर्जबाजारी, जुनाट यंत्रांवर चालणारी कंपनी होती. आम्ही घेतली नसती तर तेव्हाच संपली असती. १९९३ मध्ये ड्यू पाँकडून ती घेणारी संस्थाही गुंतवणूक संस्थाच होती आणि कर्जाची सुरुवात तिथे झाली, हे खरे. शिकारीचा छंद अमेरिकेत ओसरत चालला आणि रेमिंग्टनचा पाया शिकाऱ्यांच्या शॉटगन व रायफली हाच होता, हेही खरे. आणि २०१८ च्या दिवाळखोरीत सर्बरसची मालकी शून्यावर आली, मग तिला लुटारू कसे म्हणता, हाही प्रश्न रास्त आहे. पण शून्यावर आले ते समभाग, आधी काढून नेलेले पैसे नव्हे. मालकी शून्य होते तेव्हा ज्याने वेळीच पैसे बाहेर काढले त्याचे फार जात नाही. ज्याची नोकरी, पेन्शन आणि औषधपाणी त्या कंपनीवर आहे त्याचे सगळे जाते.

कर्जाने कारखान्याच्या आत काय होते ते मार्लिनच्या रायफलीत बघायला मिळते. मार्लिन म्हणजे चापाखालची मूठ पुढे-मागे करून गोळी भरायच्या रायफली, हरणाच्या शिकारीसाठी पिढ्यान्‌पिढ्या नावाजलेल्या. नॉर्थ हेवनच्या कारखान्यातली यंत्रे जुनी होती. त्यांचे आकडे कागदावर कमी आणि कामगारांच्या हातात जास्त होते. कुठला भाग किती घासायचा, कुठल्या यंत्रावर किती सूट धरायची हे तीस-तीस वर्षे तिथे उभ्या राहिलेल्या माणसांना ठाऊक. २०११ मध्ये तो कारखाना बंद करून यंत्रे इलियनला नेली, माणसे नेली नाहीत. त्यानंतर बाहेर पडलेल्या रायफलींच्या लाकडात आणि धातूत फटी दिसत, नळीवरची नेम धरायची माशी एका बाजूला कललेली असे, मूठ अडकत असे. गिऱ्हाइकांनी त्या काळातल्या मालाला ‘रेमलिन’ असे नाव ठेवले. रेमिंग्टनच्या स्वतःच्या ८७० शॉटगनचेही तसेच. १९५० पासून बनणारी, एक कोटीहून अधिक खपलेली ही बंदूक तिच्या गुळगुळीत चालीसाठी प्रसिद्ध होती. नंतरच्या स्वस्त आवृत्त्यांवर गंज लवकर चढू लागला, आतून खरखरीत राहिलेल्या नळीत झाडलेले काडतूस अडकू लागले. २०१४ मध्ये आणलेले आर ५१ पिस्तूल तर त्याच वर्षी परत मागवावे लागले.

यावर कोणी म्हणेल, माल बिघडला याचा कर्जाशी काय संबंध? हाताचे कौशल्य असलेली जुनी माणसे सगळ्याच धंद्यांतून गेली. मग पुढचे बघा. २०२० मध्ये मार्लिन विकायला निघाली तेव्हा रूगरने ती सुमारे ३ कोटी डॉलरला घेतली. वर्षभर एकही रायफल बाजारात आणली नाही. नॉर्थ कॅरोलिनातल्या मेयोडनला नव्या यंत्रांवर आणि नव्याने काढलेल्या रेखाचित्रांवर आधी बसवाबसव केली, आणि २०२१ च्या डिसेंबरात पहिला माल बाहेर काढला. त्या रायफलींचे कौतुक करताना जुने मार्लिनप्रेमी थकत नाहीत. जुने कामगार रूगरकडेही नव्हते. जे होते ते म्हणजे वर्षभर थांबायची ऐपत, कारण महिनाअखेरीला व्याज भरायचे नव्हते. बंदूक तीच, देश तोच, गिऱ्हाईक तेच. याहून स्वच्छ पुरावा कुठल्या उद्योगात क्वचितच मिळेल.

जुनी रेमिंग्टन म्हणजे सचोटीचा पुतळा आणि नवे मालक तेवढे खलनायक, असे चित्र रंगवणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. १९६२ मध्ये आलेली मॉडेल ७०० ही तिची सर्वांत गाजलेली रायफल. तिच्या चापाच्या यंत्रणेत एक सुटा, लहानसा पत्रीसारखा तुकडा असे. चाप ओढला की तो पुढे सरकायचा आणि परत जागेवर बसायचा. धूळ, गोठलेले तेल, कणभर गंज मध्ये आला की तो पुरता परत बसत नसे, आणि मग सेफ्टी, म्हणजे गोळी चुकून सुटू नये म्हणून असलेली कळ, काढताच चापाला बोट न लावता गोळी सुटू शकत असे. त्यात १९८२ पर्यंतच्या रायफलींत गोळी बाहेर काढायची तर आधी सेफ्टी काढावीच लागे. म्हणजे बंदूक रिकामी करण्याच्या, सर्वांत सावधपणाच्या क्षणीच धोका सर्वांत जास्त. या यंत्रणेच्या रचनाकारानेच चाळीसच्या दशकात कंपनीला सावध केले होते. सुधारणेचा खर्च बंदुकीमागे साडेपाच सेंट होता, असे कंपनीच्या जुन्या कागदांतून पुढे आले. सुधारणा झाली नाही. २००० मध्ये मोंटानात एका आईने रायफल रिकामी करण्यासाठी सेफ्टी काढली आणि तिचा नऊ वर्षांचा मुलगा गेला. कंपनीने यंत्रणेत दोष असल्याचे कधीच मान्य केले नाही, पण पुढे सामूहिक दाव्यात सुमारे ७५ लाख बंदुकांबाबत तडजोड करावी लागली.

ती यंत्रणा आणि ती न सुधारण्याचा निर्णय ड्यू पाँच्या काळातला, कर्जाचा डोंगर नसतानाचा. मग माझा मुद्दा पडतो का? मला वाटते, तो इथेच बळकट होतो. ड्यू पाँ दोषी होती, पण समोर होती. तिच्यावर दावा लावता येत होता, तिचे कागद मागवता येत होते. नंतरच्या रचनेत समोर कोणीच राहिले नाही. जुलै २०२० मध्ये रेमिंग्टनने पुन्हा दिवाळखोरी पत्करली आणि तिचे तुकडे पाडून लिलाव झाला. आर्कान्सा राज्यातल्या लोनोकचा काडतुसांचा कारखाना व्हिस्टा आउटडोअरने ८.१४ कोटी डॉलरला घेतला, इलियनचा बंदुकांचा धंदा राउंडहिल ग्रुपला, म्हणजे पुढे जॉर्जियाला निघालेल्या त्या शेवटच्या मालकांना, १.३ कोटीत गेला. अशा विक्रीत घेणारा मालमत्ता घेतो, जुनी देणी घेत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये इलियनच्या सुमारे ५८५ कामगारांना कामावरून काढले तेव्हा त्यांना सेवासमाप्तीची रक्कम मिळाली नाही, साठलेल्या रजेचे पैसे मिळाले नाहीत आणि आरोग्यविमाही तुटला, तेसुद्धा साथीच्या ऐन भरात. त्यांच्या युनियनने, म्हणजे खाणकामगारांच्या राष्ट्रीय संघटनेच्या स्थानिक शाखेने, आवाज उठवला. पण दाद मागायची कोणाकडे? जुनी कंपनी न्यायालयाच्या कागदांवर उरलेली, नवी म्हणणार आमचा संबंध नाही, आणि ज्यांनी कर्ज चढवले ते दोन वर्षांपूर्वीच बाजूला झालेले.

सँडी हूकच्या कुटुंबांचेही तेच. फेब्रुवारी २०२२ मध्ये नऊ कुटुंबांना ७.३ कोटी डॉलर मिळाले, आणि बंदूकविरोधकांनी तो ऐतिहासिक विजय म्हणून साजरा केला. त्या आईबापांनी सात वर्षे दिलेली झुंज ऐतिहासिक आहेच. २००५ चा केंद्रीय कायदा बंदूक उत्पादकांना अशा दाव्यांपासून जवळजवळ अभय देतो, त्यातून जाहिरातबाजीच्या मुद्द्यावर वाट काढणे सोपे नव्हते. पण पैसे दिले कोणी? चार विमा कंपन्यांनी. बुशमास्टरच्या जाहिराती तरुणांना मर्दानगीचे प्रमाणपत्र वाटत होत्या, त्या काळात ज्यांनी नफा उचलला त्यांच्या खिशाला हात लागला नाही. आणि अशा जाहिराती का केल्या जात होत्या? शिकारी कमी होत चालले होते, हप्ते वाढत होते, म्हणून लष्करी धाटणीच्या रायफली तरुणांना विकणे हाच वाढीचा मार्ग उरला होता. कर्ज आणि कत्तल यांच्यामध्ये ही सरळ कडी आहे, असे माझे ठाम मत आहे, आणि बंदूकविरोधी चळवळीने तिच्याकडे पुरेसे पाहिलेले नाही.

रेमिंग्टन संपली म्हणजे बंदुकांना उतरती कळा लागली, या समजुतीला तर काडीचाही आधार नाही. कंपनीने पुन्हा हात वर केले त्या २०२० मध्ये अमेरिकेत बंदूकखरेदीशी निगडित पार्श्वभूमी-तपासण्या जवळपास ४ कोटी झाल्या. तोवरचा तो उच्चांक होता. दुकानांतली फडताळे रिकामी होती, गिऱ्हाइके रांगेत उभी होती, आणि देशातली सर्वांत जुनी बंदूक कंपनी खेळत्या भांडवलाअभावी दिवाळखोरीत गेली. बुशमास्टर हे नावही लिलावात विकले गेले आणि त्या नावाच्या रायफली पुन्हा बाजारात आहेत. मग समाज जागा झाल्याची खूण कुठे शोधायची?

ती खूण दिसू शकली असती अशी एक संधी होती, आणि तिची चर्चा फारशी कोणी करत नाही. दिवाळखोरीनंतर २०१८ मध्येच नावाहो नेशन या मूळनिवासी राष्ट्राने रेमिंग्टनला सुमारे ५० कोटी डॉलरचा देकार दिला होता. सामान्य ग्राहकांना लष्करी धाटणीच्या रायफली विकणे थांबवायचे, पोलीस आणि लष्कराला माल पुरवायचा आणि मालकाखेरीज कोणाच्या हातात न चालणाऱ्या बंदुकांवर संशोधन करायचे, असा त्यांचा बेत असल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. तो देकार नाकारला गेला. त्या वेळी कंपनीचे भवितव्य तिच्या नव्या मालकांच्या, म्हणजे कालपर्यंत धनको असलेल्या वित्तसंस्थांच्या हातात होते. बंदुका कमी घातक करू पाहणारा मालक मिळत होता, आणि त्याला बळ देणारा आवाज ना बंदूकविरोधकांकडून उठला, ना कारखाना वाचवा म्हणणाऱ्यांकडून.

गुंतवणूकदारही काही आकाशातून पडलेले नव्हते. सर्बरसच्या निधीत कॅलिफोर्नियाच्या शिक्षकांच्या निवृत्तिवेतनाचा पैसा होता. शाळेतल्या हत्याकांडानंतर त्या संस्थेने जाब विचारला आणि चार दिवसांत सर्बरसने समूह विकायची घोषणा केली. मनासारखे गिऱ्हाईक मिळाले नाही. २०१५ मध्ये नाखूश गुंतवणूकदारांना बाहेर पडायची मुभा देऊन प्रश्न मिटवला. आपले पेन्शन कशात गुंतले आहे हे त्या शिक्षकांना मुले मेल्यावर कळावे, यात दोष त्यांचा नाही. मालकी इतक्या थरांखाली पुरली की ती कोणाची, हे मालकालाही कळत नाही.

हा आजार बंदुकांपुरता नाही. २००५ मध्ये गुंतवणूक संस्थांनी ६६० कोटी डॉलरला घेतलेली टॉइज आर अस ही खेळण्यांच्या दुकानांची साखळी २०१७ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि पुढच्या वर्षी अमेरिकेतली सगळी दुकाने बंद झाली. ऑनलाइन स्पर्धा होतीच, पण वर्षाला ४० कोटी डॉलरच्या आसपास नुसते व्याज भरणाऱ्या कंपनीने त्या स्पर्धेला तोंड कशाने द्यायचे? तिथे ना बंदूक कायदा होता ना सँडी हूकचा खटला.

म्हणून मला महत्त्वाचे वाटते ते सिनेटर एलिझाबेथ वॉरेन यांनी २०१९ मध्ये मांडलेले विधेयक. खासगी गुंतवणूक संस्थेने कंपनी घेतली तर तिची कर्जे, कामगारांची पेन्शन आणि न्यायालयांनी ठरवलेली भरपाई यांची जबाबदारी त्या संस्थेवरही यावी, आणि कंपनी घेतल्याघेतल्या लाभांश काढून नेण्याला आळा बसावा, असा त्याचा गाभा. ते पुन्हा मांडले गेले, पण कायदा झाला नाही. त्यावरचा नेहमीचा आक्षेप असा की मालकाचे संरक्षण काढले तर डबघाईला आलेल्या कंपन्या कोणी घेणारच नाही. काही व्यवहार अडतील, हे मान्य. पण रूगर ही भागधारकांची खुली कंपनी आहे, दावे अंगावर घेत उभी आहे आणि तिने मार्लिन घेतली. मॉसबर्ग या बंदूक कंपनीची मालकी १९१९ पासून एकाच कुटुंबाकडे आहे आणि रेमिंग्टनच्या ८७० शॉटगनला टक्कर तीच देत राहिली. कोल्ट घेणाऱ्या चेक कंपनीला बंदुका बनवून विकायच्या होत्या. या तिघांना पळून जायला वाट ठेवलेली नाही, तरी ते गुंतवणूक करतात. जी गुंतवणूक पळवाट असल्याशिवाय येतच नाही, ती आली नसती तर इलियनच्या कामगारांचे यापेक्षा वाईट काय झाले असते, हे विधेयकाच्या विरोधकांनी आधी सांगावे.